दिल्लीचं नेहरू स्टेडियम: खेळाचं की गाण्याचं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये बातम्या आल्या की नेहरू स्टेडियम पाडून तिथल्या १०२ एकरांवर स्पोर्ट्स सिटी करायचा विचार आहे, तर इकडे इंदूरला पोहे-जिलबी खाता खाता अर्ध्या कट्ट्याला वाटलं आपलं इंदूरचंच नेहरू स्टेडियम पाडताहेत! अहो नाही, ते दिल्लीचं.

ते उभं राहिलं १९८२ च्या एशियाडसाठी. तेच, अप्पू हत्तीवालं, त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला (आमच्याकडे कुठला, शेजारच्या काकांकडे सतरंजीवर दाटीवाटीनं बसून बघायचो), धावपटू एम. डी. वलसम्मानं ४०० मीटर हर्डल्सचं गोल्ड घेतलं ते इथेच. पण एशियाड संपलं की एवढ्या मोठ्या मैदानाचं करायचं काय? म्हणून दोन वर्षांत क्रिकेट आलं, २८ सप्टेंबर १९८४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, भारतातली पहिली लाइटखालची वनडे. मग १९९१ ला साउथ आफ्रिका, शास्त्री आणि मांजरेकर दोघांची सेंच्युरी, २८७ रन केले आणि तरी आठ विकेटनी हरलो, बाबा आजही तो विषय काढू देत नाहीत. तिथल्या वनडे एवढ्या दोनच.

आणि इथलं गाणं काही पंजाबी गायक दिलजीत दोसांझच्या शोपासून सुरू झालं नाही हां. ३० सप्टेंबर १९८८ ला ॲम्नेस्टी या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वर्ल्ड टूरची कॉन्सर्ट इथेच झाली, स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल सगळे एका स्टेजवर. नंतर २०१० च्या कॉमनवेल्थसाठी स्टेडियमचा कायापालट झाला, वर ते पांढरं कापडी छत आलं, साठेक हजारांची बसायची सोय.

खरी बोंब झाली २०२४ च्या ऑक्टोबरात. दिलजीतचे दोन शो झाले आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आलेल्या पोरांना ट्रॅकवर बाटल्या, कचरा, मोडलेले हर्डल्स दिसले, व्हिडिओ सगळीकडे फिरला. माझ्या मते कचरा ही त्यातली सोपी गोष्ट, तो झाडून निघतो. पण ट्रॅक म्हणजे रबरासारखा सिंथेटिक थर, त्याच्यावरून स्टेजचं लोखंड आणि जनरेटरचे ट्रक नेले की तो दबतो, फाटतो, आणि हिरवळीवर चार दिवस फळ्या अंथरल्या की खाली ना ऊन ना वारा, गवत पिवळं. पुढच्या वर्षी पॅरा ॲथलेटिक्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी नवा ट्रॅक टाकला, तेव्हा कुठे पोरांना चांगलं पळायला मिळालं.

आपल्याकडच्या नेहरू स्टेडियमचं तरी काय वेगळं आहे, भिया? १९८३ ला वेस्ट इंडीजविरुद्ध वनडे झाली, १९९७ च्या नाताळात श्रीलंकेविरुद्धची मॅच पिच खतरनाक म्हणून तीन ओव्हरमध्ये गुंडाळली, आणि आता निवडणूक आली की मतमोजणी तिथेच. त्या दिवशी सकाळी चालायला आलेल्यांना गेटवरूनच परत पाठवतात, मग आमचे काका समोरच्या चहावाल्याकडे बसून फेऱ्या मोजतात, मतांच्या.