साठी उलटली म्हणून लायसन्स जात नाही

साठीनंतर लायसन्स मिळत नाही, असं नागपुरात अजूनही सांगतात. चूक आहे. खासगी वाहनासाठी कायद्यात कमाल वयच नाही. पंचावन्नीनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं: 'सारथी' या सरकारी लायसन्स पोर्टलवर अर्ज, सोबत डॉक्टरांनी भरलेला नमुना 1-अ, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. वयामुळे पुन्हा चाचणी होत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं, तर होते. मुदतीनंतरही लायसन्स 30 दिवस चालायचं, ती सवलतही कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीत गेली.

1-अ मध्ये दिवसाउजेडी 25 मीटरवरची नंबर प्लेट दिसते का, हे डॉक्टर लिहितात. ती तपासणी खरंच करून घ्या, नुसती सही नको. मोतीबिंदूत दिवसा बरं दिसतं. रात्री वर्धा रोडवर समोरच्या हेडलाइटने डोळे दिपतात. हे त्या कागदावर येत नाही. अशांनी आधी रात्रीची गाडी सोडावी.