बजेट एअरलाइन विमानं घेणं कमी का करते?

साउथवेस्ट या अमेरिकन बजेट एअरलाइनची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. 1971 ला टेक्सासमध्ये सुरू झालेल्या या कंपनीकडे चार बोइंग 737 होती, पैसे संपत आले म्हणून 1972 ला त्यातलं एक विकावं लागलं, पण टाइमटेबल कमी करायचं नव्हतं, मग उरलेल्या तिघांवरच सगळं रेटायचं ठरलं आणि त्यासाठी विमान गेटवर लागल्यापासून दहा मिनिटांत परत काढायला लागले. 1973 ला पहिला नफा! आज प्रत्येक बजेट एअरलाइन जो फटाफट टर्नअराउंड (विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंतचा वेळ) मिरवते तो विमान कमी पडल्यामुळे आलाय.

पुढे मात्र उलटंच झालं, फ्लीट, म्हणजे विमानांचा ताफा, वाढवणं हाच धंदा झाला. नवीन विमान वॉरंटीत असतं, मोठं मेंटेनन्स पहिली काही वर्षं येत नाही, नवीन भरतीचा पगार कमी, त्यामुळे दर सीटमागचा खर्च आपोआप खाली दिसतो. त्यात सेल अँड लीजबॅक. म्हणजे शे-दोनशे विमानांची ऑर्डर एकदम टाकून घसघशीत डिस्काउंट घ्यायचा, डिलिव्हरी मिळाली की तेच विमान लीजिंग कंपनीला जास्त किमतीला विकायचं, वरचे पैसे खिशात आणि विमान भाड्याने आपल्याकडेच. भाडं मात्र पुढची कितीतरी वर्षं, तेही बहुतेक डॉलरमध्ये. माझ्या मते या नफ्यातला निम्मा उधारीचाच, पुढची डिलिव्हरी येत राहिली तरच टिकणारा.

आणि विमान आलं की उडवावंच लागतं. चांगले रूट आधीच संपलेले असतात, नव्या रूटला जम बसायला एक-दोन वर्षं जातात, तोवर सीट भरायला तिकीट स्वस्तात विकायचं, त्यात आपल्याच जुन्या रूटचे दरही पडतात.

वाढीच्या नादात फसणं हे आधी झालेलंच आहे. अमेरिकेतली पीपल एक्स्प्रेस 1981 ला आली, सुसाट वाढली, 1985 ला फ्रंटियर विकत घेतली आणि 1987 ला नावच पुसलं गेलं. ब्रिटनच्या ईझीजेटमध्ये तर संस्थापक स्टेलियोसच बोर्डाशी भांडला, की नवीन एअरबस कशाला, आहे त्यातून आधी पैसे कमवा. 2010 ला तो बोर्डावरून बाहेर पडला, पण पुढच्याच काळात कंपनीने पहिल्यांदा डिव्हिडंड द्यायला सुरुवात केली. नॉर्वेच्या नॉर्वेजियन एअरलाइनने 2012 ला एका दमात 222 विमानांची ऑर्डर दिली, ‘आता वाढ नाही, नफा’ हे सुचेपर्यंत कर्ज डोक्यावर चढलेलं, मग कोविड, 2020 च्या शेवटी कर्जवसुलीपासून कोर्टाचं संरक्षण आणि 2021 ला लांब पल्ल्याची सेवा बंद.

2023 ला प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधला दोष निघाला आणि नवीकोरी विमानं जमिनीवर बसली, भाडं चालूच. हंगेरीच्या विझ एअरला याचा चांगलाच दणका बसला, 2025 मध्ये त्यांनी अबू धाबीतला कारभार गुंडाळला आणि एअरबसच्या बऱ्याच डिलिव्हरी पुढे ढकलल्या.

वाढीला ब्रेक मारला की लगेच नफा येतो असंही नाही, उलट पहिली एक-दोन वर्षं खर्च वर जातो कारण विमानं जुनी होतात आणि लोकांचे पगार वाढत जातात, लीजबॅकचा पैसाही आटतो. त्यामुळे कंपन्या शक्यतो ऑर्डर रद्द करत नाहीत, पुढे ढकलतात. ॲडव्हान्स भरलेला असतो आणि एअरबस-बोइंगच्या रांगेतला नंबर एकदा सोडला की परत कधी मिळेल सांगता येत नाही.