सगळे विषय जोडून शिकवायचे, पण नेमकं काय जोडायचं?

नवीन माध्यमिक शाळा सुरू व्हायची असली की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, आपण विषय वेगवेगळे नको, जोडून शिकवूया. मग एक थीम ठरते, बहुतेक वेळा 'पाणी'. भाषेत पाण्यावर निबंध, भूगोलात नद्या, गणितात टाकी भरणारे नळ. तक्त्यावर झकास दिसतं, पण निबंध चांगला जमला म्हणून नळाचं गणित सुटत नाही, म्हणजे एकच शब्द सगळीकडे चिकटवलाय, बाकी जोडलं काहीच नाही.

आता हे बघा. इतिहासाच्या तासाला कळतं की अमुक हाड दहा हजार वर्षांपूर्वीचं आहे. कशावरून? सजीव जिवंत असेपर्यंत कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन शरीरात येत राहतो, मेला की येणं बंद, आणि होता तो 5730 वर्षांत निम्मा होतो, 11,460 वर्षांत पाव उरतो. इथपर्यंत सोपं. पण हाडात 30% उरला असेल तर? निम्म्याचं निम्मं करून उत्तर मिळत नाही, तिथे लॉग (लॉगॅरिदम) लागतो, म्हणजे किती वेळा निम्मं झालं हे अपूर्णांकातही काढून देणारं गणित, आणि तो वापरला की साधारण 9,950 वर्षं येतात. वर हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण कायम सारखं नव्हतं, त्यामुळे झाडांच्या वाढीच्या वलयांवरून हा आकडा दुरुस्त करावा लागतो, म्हणजे जीवशास्त्रही आलंच. इथे एक विषय काढला तर प्रश्नच सुटत नाही, माझ्या मते जोडणीची कसोटी हीच.

गोची अशी की बऱ्याचदा लॉग गणितात येतो तेव्हा इतिहासातलं ते हाड मागेच पडलेलं असतं. रसायनशास्त्रात पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, शिकवतानाही हेच होतं, पीएच एकने कमी म्हणजे आम्लता दहापट, हे लॉगशिवाय नुसतं पाठच करावं लागतं. त्यामुळे एकात्मिक अभ्यासक्रमाचं निम्मं काम म्हणजे कुठला टॉपिक कधी येतो हे ठरवणं, आणि नवीन शाळेला इथे मोठा फायदा असतो कारण 'आमच्याकडे हे असंच चालतं' म्हणणारं कुणी अजून तिथे नसतं.

बरं, क्रम जुळला की मुलं आपोआप जोडतील? नाही जोडत. 1980 मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोठं सैन्य गेलं तरच फुटणारे सुरुंग आहेत म्हणून सेनापती सैन्याच्या छोट्या तुकड्या करून चहूबाजूंनी पाठवतो. नंतर प्रश्न दिला की पोटातली गाठ किरणांनी नष्ट करायची पण आजूबाजूचा भाग जळता कामा नये, कसं कराल? उत्तर तेच, चहूबाजूंनी सौम्य किरण सोडा. त्यांच्या एका प्रयोगात 'ती गोष्ट वापरून बघा' असं सांगितल्यावर 92% लोकांना उत्तर सापडलं आणि न सांगता फक्त 20% लोकांना, आणि गोष्ट तर नुकतीच वाचलेली! म्हणून 'हे तेच बरं का, गणितात केलं होतं ते' हे शिक्षकाने तोंडाने बोलावंच लागतं, आणि ते बोलायला त्याला गणितात काय चाललंय हे माहीत पाहिजे.

याच होलिओक यांनी मिरियम बासोक यांच्याबरोबर 1989 मध्ये आणखी एक गंमत दाखवली. बीजगणितात अंकगणिती श्रेढी, म्हणजे दर वेळी सारखीच वाढ होणारी आकड्यांची रांग, शिकलेली मुलं ती समान त्वरणाच्या, म्हणजे वेग सारख्याच दराने वाढण्याच्या, गणितांत सहज वापरायची, पण आधी भौतिकशास्त्रातून तेच शिकलेल्यांना बीजगणितात ते जवळजवळ ओळखूच येत नव्हतं. म्हणजे कुठून कुठे जायचं यालाही महत्त्व आहे.

म्हणून सगळे तास मोडून नुसते प्रोजेक्ट करायचे हे मला पटत नाही. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मावतात, त्यात लॉग, किरणोत्सर्ग आणि अश्मयुग तिन्ही एकदमच नवे असतील तर मूल गोंधळणारच. फिनलंडने विषय बंद केले अशी एक अफवा फिरत असते, तसं काही झालेलं नाही, तिथल्या 2016 पासूनच्या अभ्यासक्रमात विषय आहेतच, फक्त वर्षातून किमान एकदा अनेक विषय एकत्र आणणारं काम करावं लागतं. हे प्रमाण मला बरोबर वाटतं.

सुरुवात करायची तर एक मोठा तक्ता घ्या, आडवे महिने, उभे विषय, प्रत्येक शिक्षकाने आपल्या टॉपिकच्या चिठ्ठ्या लावायच्या आणि कुठला टॉपिक दुसऱ्या कशावर अडतो तिथे बाण काढायचा, उलटे जाणारे बाण, म्हणजे गरजेचा टॉपिकच नंतर येतो अशा जागा, लगेच दिसतात. आणि टाइमटेबलमध्ये शिक्षकांचा एक सामाईक मोकळा तास आधी टाका, मग बाकीचं भरा, नंतर तो कधीच सापडत नाही. त्या हाडाच्या गणिताचे मार्क इतिहासात धरायचे की गणितात, हे भांडणही त्याच तासात मिटवता येईल.