निगेटिव्ह रिपोर्ट हातात, विषाणू अंगात

ऑगस्ट 2020 च्या शेवटी भारतातून न्यूझीलंडला एक खास विमान गेलं. टाळेबंदीत इकडे अडकलेले लोक घरी निघाले होते. ख्राइस्टचर्चला त्यांची रवानगी सरकारी देखरेखीखालच्या हॉटेलात झाली. नियम कडक होता: 14 दिवसांचा मुक्काम, तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी स्वॅब. त्यातल्या एका प्रवाशाचे दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले, मुदत संपली आणि तो घरी गेला. काही दिवसांनी त्याला कोविड झाल्याचं निघालं.

आधी संशय गेला हॉटेलातल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर. मग शास्त्रज्ञांनी रुग्णांमधल्या विषाणूंचे जनुकीय क्रम एकमेकांशी ताडून पाहिले आणि कॉरिडॉरमधलं सीसीटीव्ही चित्रणही तपासलं. त्याच विमानाने आलेले दोघे बाधित शेजारच्या खोलीत होते. बाराव्या दिवशी कर्मचारी स्वॅब घ्यायला आले तेव्हा एका खोलीचं दार उघडायचं, दारातच स्वॅब घ्यायचा, दार लावायचं आणि पुढच्या खोलीकडे वळायचं, असं चाललं होतं. बाधितांचं दार बंद झालं आणि 50 सेकंदांत या प्रवाशाचं दार उघडलं. खोल्यांमधला हवेचा दाब कॉरिडॉरपेक्षा जास्त होता, त्यामुळे दार उघडलं की आतली हवा बाहेर यायची, आणि कॉरिडॉरमध्ये ती वाहून जायला वाव नव्हता. कोणी कोणाला भेटलं नाही, कोणी कोणाला शिवलं नाही. तरीही लागण बहुधा त्या 50 सेकंदांत, तपासणीच्याच वेळी झाली. त्या दिवशीचा स्वॅब निगेटिव्हच येणार होता, कारण विषाणू नुकता कुठे आत शिरत होता. पुढे ख्राइस्टचर्चहून ऑकलंडला जाणाऱ्या विमानात या प्रवाशाकडून आणखी एकाला लागण झाली.

प्रवाशांसाठीच्या नियमांवर आपण त्या तीन वर्षांत भरपूर चिडलो. 72 तासांच्या आतलाच रिपोर्ट का? परत आठव्या दिवशी तपासणी कशाला? 14 दिवसांचे 7 झाले, ते कोणाच्या सांगण्यावरून? मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की या प्रश्नांना चांगली, समजण्यासारखी उत्तरं होती आणि ती लोकांपर्यंत फार कमी पोहोचली. विमानतळावर हातात पडायचं ते परिपत्रक, आणि परिपत्रकात आकडा असायचा, कारण नसायचं.

आधी 14 दिवसांचं पाहू. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. साथीच्या सुरुवातीलाच चीनमधल्या आणि चीनबाहेरच्या 181 रुग्णांच्या नोंदी वापरून संशोधकांनी तो मोजला. निम्म्या रुग्णांना साधारण 5.1 दिवसांच्या आत लक्षणं दिसली होती, आणि ज्यांना लक्षणं दिसतात त्यांच्यापैकी 97.5 टक्क्यांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसतील असा हिशोब निघाला. 14 दिवस थांबवूनही दर 10,000 बाधितांमागे सुमारे 101 जणांना लक्षणं त्यानंतर दिसू शकतील, हेही त्याच अभ्यासात होतं. म्हणजे 14 हा आकडा शंभर टक्के सुरक्षिततेचा नव्हता. शंभरातला एखादा निसटेल हे मान्य करून ठरवलेली ती मर्यादा होती. हाँगकाँगने डिसेंबर 2020 मध्ये तो एखादाही निसटू नये म्हणून मुदत 21 दिवसांवर नेली. शेवटचा एक टक्का पकडायला प्रत्येक प्रवाशाचा आणखी एक आठवडा घ्यायचा का, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते समाजाला ठरवावं लागतं.

आता तपासणीचं. आरटी-पीसीआर ही अतिशय संवेदनशील चाचणी आहे. नमुन्यात विषाणूचं अगदी थोडं जनुकीय द्रव्य असलं तरी ती ते अनेक पटींनी वाढवून पकडते. पण नाकात विषाणूच नसेल तर ती तरी काय पकडणार? लागण झाल्या दिवशी विषाणू मोजक्या पेशींत असतो. त्याची संख्या वाढून तो नाक-घशात भरपूर सापडायला काही दिवस जातात. 2020 मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एका संशोधक गटाने दिवसागणिक हिशोब मांडला. लागण झाली त्या दिवसापासून मोजलं तर पहिल्या दिवशी चाचणी प्रत्येक बाधिताला निगेटिव्हच ठरवेल, चौथ्या दिवशी 67 टक्के बाधितांना, पाचव्या दिवशी 38 टक्क्यांना आणि आठव्या दिवशी 20 टक्क्यांना. त्यानंतर चूक पुन्हा वाढू लागते, कारण शरीर विषाणू हटवत असतं. हा अंदाज आहे, माणसागणिक तो बदलतो, आणि नंतरच्या विषाणूप्रकारांत हे दिवस पुढेमागे झाले. पण आलेखाचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे.

भारताने 1 डिसेंबर 2021 पासून ‘जोखमीच्या’ देशांतून येणाऱ्यांसाठी लावलेला नियम या आलेखावर ठेवून पाहा. निघण्याआधी 72 तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट, उतरल्यावर विमानतळावर स्वॅब आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथेच मुक्काम, मग 7 दिवस घरी आणि आठव्या दिवशी पुन्हा स्वॅब. निघण्याआधीची चाचणी आधीपासून आजारी असलेल्यांना विमानात चढू देत नाही, त्यामुळे सहप्रवासी वाचतात. विमानतळावरची चाचणी मधल्या तीन दिवसांत ज्यांच्या नाकात विषाणू वाढला त्यांना गाठते. आणि निघायच्या आदल्या दिवशी किंवा विमानातच ज्याला लागण झाली तो या दोन्हींतून सहज सुटतो, त्याच्यासाठी आठवा दिवस. त्या दिवशी त्याची लागण बरोबर आठ-नऊ दिवसांची झालेली असते, म्हणजे चाचणीची चूक सर्वांत कमी असण्याचा काळ. विमानतळावर ताटकळलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं, आणि ते सांगायला हवं होतं.

एकट्या 72 तासांच्या रिपोर्टवर विसंबलं की काय होतं, हे एप्रिल 2021 मध्ये दिसलं. दुसरी लाट चढत असताना दिल्लीहून हाँगकाँगला गेलेल्या एका विमानातले पन्नासहून अधिक प्रवासी पुढे क्वारंटाइनमध्ये पॉझिटिव्ह निघाले. सगळ्यांकडे निघण्याआधीचा निगेटिव्ह रिपोर्ट होता. विषाणूंच्या जनुकीय क्रमांत वेगवेगळे प्रकार सापडले, म्हणजे सगळ्यांना विमानात एकाच माणसाकडून लागलं असं नव्हतं. बरेच जण येतानाच विषाणू घेऊन आले होते. दिल्लीत त्या आठवड्यात संसर्ग इतका फैलावला होता, की स्वॅब दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतही लागण होण्याचा धोका मोठा होता.

महाराष्ट्राचा पहिला अनुभव याहून साधा आणि म्हणूनच जास्त बोलका आहे. दुबईहून 1 मार्च 2020 रोजी परतलेल्या पुण्यातल्या दोघांना कोविड असल्याचं 9 मार्चला निघालं. ते उतरले तेव्हा तपासणी ठराविक देशांतून येणाऱ्यांचीच होत होती आणि त्या यादीत दुबई नव्हती. सगळ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी 4 मार्चपासून सुरू झाली. पण तपासणी झाली असती तरी काय हाती लागलं असतं? ताप मोजणारी थर्मल गन. लंडनच्या एका संशोधक गटाने फेब्रुवारी 2020 मध्येच गणित मांडून दाखवलं होतं, की निघताना आणि उतरताना दोन्हीकडे ताप मोजला तरी 100 बाधित प्रवाशांपैकी सुमारे 46 जण त्यातून निसटतील. ज्याचा अधिशयन काळ चालू आहे त्याला ताप नसतो, काहींना तो कधीच येत नाही, आणि एक क्रोसिनची गोळी उरलेलं काम करते. आपल्याकडे ही बंदूक पुढे दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या दारात वर्षभर कपाळावर रोखली गेली, पण तिच्यामुळे सुरक्षिततेचा भास जास्त आणि उपयोग थोडा झाला असं माझं मत आहे.

मग आला डाव्या हातावरचा शिक्का. मार्च 2020 च्या मध्यात राज्य सरकारने गृह विलगीकरणात पाठवलेल्यांच्या हातावर निवडणुकीच्या शाईसारख्या न पुसणाऱ्या शाईने शिक्का मारायचं ठरवलं. त्यावर तारीख असायची. दोनच दिवसांत गरीब रथ एक्सप्रेसमध्ये हातावर शिक्का असलेले चार प्रवासी आढळले आणि त्यांना पालघरला उतरवण्यात आलं. ते जर्मनीहून आले होते आणि मुंबईहून गुजरातकडे निघाले होते. सहप्रवाशांनी शिक्का पाहिला म्हणून हे कळलं. शिक्क्याचा हेतू तोच होता, तरीही मला त्यात एक उणीव दिसते: घरी पोहोचायचं कसं, हे नियमात नीट नव्हतं. मुंबईत उतरलेला माणूस सुरतचा, कोल्हापूरचा किंवा नांदेडचा असला, तर घरात बसण्याआधी त्याला रेल्वे, एसटी नाहीतर टॅक्सी गाठावीच लागणार. पुण्याच्या त्या पहिल्या दोघांना मुंबईहून घरी नेणाऱ्या टॅक्सीचालकालाही लागण झाली होती. मे 2020 मध्ये, परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेच्या काळात, 7 दिवस संस्थात्मक आणि 7 दिवस गृह विलगीकरण असा नियम आला, त्यामागे हाही अनुभव होता असं मी समजतो. 1 BHK मध्ये सहा माणसं राहत असतील तिथे ‘स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय’ ही अट पाळायची कशी, हा प्रश्न मात्र कोणत्याच परिपत्रकाने सोडवला नाही.

सीमा सरळ बंदच केली तर? वुहानमधली ये-जा 23 जानेवारी 2020 रोजी बंद झाली. प्रवासाच्या आकडेवारीवरून केलेल्या एका अभ्यासानुसार त्यामुळे चीनमधल्या इतर शहरांतली साथ जेमतेम 3 ते 5 दिवस लांबली, कारण विषाणू आधीच तिकडे पोहोचला होता. चीनबाहेर जाणारे बाधित मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जवळपास 80 टक्क्यांनी घटले. बंदीमुळे मिळतो तो वेळ. न्यूझीलंडने 19 मार्च 2020 रोजी परदेशी प्रवाशांना दार बंद केलं तेव्हा देशातली साथ लहान होती, म्हणून तो वेळ सोन्यासारखा वापरता आला. देशात रोज हजारोंनी नवे रुग्ण असताना बाहेरून आलेले दहा-वीस अडवून फारसा फरक पडत नाही.

ओमायक्रॉनच्या वेळी हे विसरलं गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नवा प्रकार ओळखला आणि 24 नोव्हेंबर 2021 रोजी जागतिक आरोग्य संघटनेला कळवला. दोन दिवसांत त्याला नाव मिळालं, आणि त्याच दोन-तीन दिवसांत अनेक देशांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडची विमानं बंद केली. विषाणू तोवर कितीतरी देशांत जाऊन बसला होता. हाँगकाँगच्या एका क्वारंटाइन हॉटेलात तो त्याच महिन्यात समोरासमोरच्या दोन खोल्यांमध्ये पसरला होता. दोघांपैकी कोणीही खोलीबाहेर पडलं नव्हतं. महाराष्ट्रातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण 4 डिसेंबरला डोंबिवलीत जाहीर झाला, आणि तो जोखमीच्या देशांचा नियम लागू होण्याआधीच भारतात उतरलेला होता. ज्या देशाने तत्परतेने आणि प्रामाणिकपणे माहिती दिली, त्याच्याच पर्यटनावर आणि व्यापारावर घाव बसला, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वेळी असा प्रकार सापडलेला देश कळवायला चार दिवस कचरला, तर ते चार दिवस सगळ्या जगाला महाग पडतील.

वर्षानुवर्षं शांतपणे चाललेला एक नियमही आपल्याकडे आहे: पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून कोणी लस प्रमाणपत्राविना भारतात आलं, तर त्याला 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवता येतं. पीतज्वराचा अधिशयन काळ 3 ते 6 दिवसांचा असतो, तिथून तो 6 आला. लस घेतल्यापासून 10 दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढा काळ लागतो. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, तोच डेंग्यूवाला, घरोघरी आहे. एक बाधित प्रवासी आणि पावसाळ्यातली एक चाळ एवढं पुरेसं आहे. केनियाला सफारीवर जाणारे पर्यटक ही लस निमूटपणे घेतात, कारण इथे आजार ओळखीचा आहे, लस खात्रीची आहे आणि आकडे दर महिन्याला बदलत नाहीत. कोविडच्या वेळी विषाणूच नवा होता आणि वर तो रूपं बदलत होता, त्यामुळे आकडे बदलणं भाग होतं.

आता लक्ष प्रत्येक प्रवाशावरून हटून विमानावर जातंय. भारताने फेब्रुवारी 2022 मध्ये सक्तीचा आठवडा काढून टाकला आणि विमानातल्या 2 टक्के प्रवाशांची यादृच्छिक तपासणी ठेवली. यातून कोणाला रोखायचं नव्हतं, कोणते प्रकार येतायत ते जाणून घ्यायचं होतं. अमेरिकेत 2022 पासून लांब पल्ल्याच्या विमानांच्या शौचालयांतलं सांडपाणी उतरल्यावर तपासलं जाऊ लागलं. एका बाटलीत अख्ख्या विमानाचा नमुना मिळतो, कोणाच्या नाकात काडी घालावी लागत नाही आणि कोणाचं नाव नोंदवावं लागत नाही. त्यातून बाधित कोण हे कळत नाही, आणि दोन-तीन तासांच्या उड्डाणात शौचालयात जाणारे थोडेच, त्यामुळे दुबई-मुंबईसारख्या मार्गावर हे तंत्र न्यूयॉर्क-मुंबईइतकं उपयोगी पडत नाही.