कप घरी राहतो, तिथेच सगळं अडतं: पुन्हा वापरायच्या कपांचं अ‍ॅप आम्ही कसं बनवतो

नमस्कार,

तुमचं कॅफे असेल, ऑफिसचं कँटीन असेल किंवा कॉलेजमधला एखादा काउंटर असेल, आणि रोज संध्याकाळी डिस्पोजेबल कपांनी भरलेली कचऱ्याची पिशवी बांधताना तुम्हाला वाटत असेल की लोकांनी आपापला कप आणला तर किती बरं होईल, त्यासाठी एखादं अ‍ॅप करता येईल का, तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे. आमची टीम छोटी आहे, अ‍ॅप डिझाइन करणं हेच आमचं काम, आणि काम सुरू करायच्या आधी आम्ही काय विचार करतो हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कागदी कप नुसता कागदाचा नसतो, आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. तो नसला तर कप मऊ पडून गळायला लागेल, आणि त्याच थरामुळे तो साध्या रद्दीबरोबर रिसायकल करता येत नाही, त्याला वेगळी यंत्रणा लागते. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे आणि आपला कप वापरावा असं मनापासून वाटणारेही भरपूर आहेत. मग अडतं कुठे? तर कप घरी राहतो. रांगेत उभं राहिल्यावर आठवतं, आणि तेव्हा आठवून काय उपयोग. त्यामुळे आमचं ठाम मत असं झालंय की या अ‍ॅपचं खरं काम तुमच्या काउंटरवर नाहीच, ते घराच्या दारात आहे, माणूस चप्पल घालत असतो त्या अर्ध्या मिनिटात.

म्हणून अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की आम्ही दोनच प्रश्न विचारतो. घरातून साधारण किती वाजता निघता, आणि कप कुठे ठेवणार. दुसरा प्रश्न लोकांना जरा विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की नुसतं "मी करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं की ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. मग ज्यानं "किल्ल्यांच्या शेजारी" असं लिहिलं त्याला सकाळी त्याच्याच शब्दात मेसेज जातो, "किल्ली उचलली? शेजारचा कप पण उचला". पर्यावरण वाचवा वगैरे त्यात काही नाही, कारण ते त्याला पटलेलंच आहे, त्याला फक्त कप आठवायचाय. आणि संध्याकाळी एक मेसेज, कप बॅगेतून काढून धुवायला टाकला का. हा दुसरा मेसेज आम्ही आधी ठेवला नव्हता आणि ती आमची चूक होती. झाकण लावून बॅगेच्या तळाशी रात्रभर पडलेला कप सकाळी उघडला की जो वास येतो ना, तो एकदा आला की माणूस आठवडाभर कपाचं नाव काढत नाही. दिवसाला हे दोन मेसेज, तिसरा नाही, सुट्टीच्या दिवशी एकही नाही. जास्त पाठवले की लोक नोटिफिकेशन बंद करतात आणि मग अ‍ॅप असून नसल्यासारखं.

आता सवलतीबद्दल, कारण बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात तेच "कप आणणाऱ्याला डिस्काउंट देऊया" म्हणत. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या वूटर पोर्टिंगा यांनी कॅफेंमध्ये प्रत्यक्ष प्रयोग करून हे तपासलंय. डिस्काउंटचा परिणाम दिसलाच नाही. तेच डिस्पोजेबल कपाला वेगळे पैसे लावल्यावर आपला कप वापरण्याचं प्रमाण ३.४ टक्क्यांनी वाढलं, आणि वेगळे पैसे, माहितीचे बोर्ड, पुन्हा वापरायचा कप तिथेच मिळणं, तो फुकट देणं असं सगळं एकत्र केलं तर वाढ १२.५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असा त्यांचा अंदाज. कारण तसं जुनंच आहे, कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की मिळालेल्यापेक्षा गेलेलं माणसाला जास्त लागतं. म्हणून आम्ही सुचवतो की किंमत तीच ठेवा पण बिलात कपाचे पैसे वेगळे दाखवा, आणि ज्यानं आपला कप आणला त्याला अ‍ॅपमध्ये ती ओळ खोडलेली दिसू दे. आणि हे आकडे बघून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नुसतं अ‍ॅप आणून चमत्कार होणार नाही, काउंटरवर बाकीच्या गोष्टी बदलल्या तरच अ‍ॅपला काहीतरी करता येतं.

स्कॅनिंगवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. कल्पना करा, एका हातात कप, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावरून बॅग घसरतेय, मागे पाच जण उभे. अशा माणसाला अ‍ॅप उघड, लॉगिन कर, मेनूत जा असं सांगून चालत नाही. अ‍ॅप उघडलं की कॅमेराच उघडला पाहिजे आणि बटण अंगठा पोचेल तिथे, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या बाजूला. क्यूआर कोड कपाच्या बुडाला लावू नका, भरलेला कप उलटा करून कोण दाखवणार? बाजूला, पकडायच्या जागेच्या खाली लावा. कप गोल असल्यामुळे कोड मोठा केला की तो कडांना वळतो आणि कॅमेऱ्याला पूर्ण दिसत नाही, म्हणून छोटाच ठेवायचा आणि त्यात माहितीही कमी भरायची, फक्त कपाचा नंबर. क्यूआर कोडमध्ये चुका भरून काढायच्या चार पातळ्या असतात, सगळ्यात वरची घेतली तर कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, आणि रोज घासल्या जाणाऱ्या कपाला तीच पाहिजे. स्टिकर धुण्यात निघतो, त्यामुळे स्टीलच्या कपावर लेझरनं कोरलेला बरा. नेटवर्क नसेल तरी स्कॅन झाला पाहिजे, बरीच कँटीन तळघरात असतात, तिथे फोन नोंद साठवून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो.

घरी बसून तोच कप दहा वेळा स्कॅन करणारे निघतातच. म्हणून कपाबरोबर काउंटरवरचा कोडही स्कॅन करायचा आणि तो कोड सतत बदलत राहील असा ठेवायचा, बास. यापुढे जाऊन लोकांवर चोवीस तास लोकेशनची पाळत आम्ही ठेवत नाही, कुणी सांगितलं तरी नाही.

सलग किती दिवस कप आणला हे दाखवणारी साखळी बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, एक दिवस चुकला की शून्य. आम्ही ती तशी करत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मग त्या माणसाचे चाळीस दिवस पुसून त्याला नाराज कशाला करायचं? आमच्याकडे आकडा फक्त वाढतो, कमी होत नाही.

आणि कृपा करून बक्षीस म्हणून नवीन कप देऊ नका! कप बनवायलाही ऊर्जा लागते. मार्टिन हॉकिंग या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हिशोब केला होता, सिरॅमिकचा कप साधारण ३९ वेळा वापरला तेव्हा कुठे तो ऊर्जेच्या बाबतीत कागदी कपाच्या बरोबरीला येतो, धुण्याला लागणारी ऊर्जा धरून. धुण्याची पद्धत बदलली की हा आकडाही बदलतो, पण मुद्दा तोच, एकच कप पुन्हा पुन्हा. म्हणून आमच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात एवढंच असतं, "हा कप आजपर्यंत ५२ वेळा". इतकी झाडं वाचवली, इतका कार्बन वाचवला असले आकडे आम्ही टाकत नाही, ते खात्रीनं सांगता येत नाहीत आणि लोकांना खोटं सांगून काम करायचं नाही.

तुम्हालाच कप देऊन परत घ्यायचे असतील तर ते वेगळं काम आहे. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहरात २०२४ मध्ये तीन महिने ३० हून जास्त दुकानांनी डिपॉझिट न घेता परतीचे कप दिले, ५१ टक्के परत आले. परत टाकायचा डबा रस्त्यात, जाता जाता दिसेल असा पाहिजे, आणि अ‍ॅपनं तो जवळ कुठे आहे एवढंच सांगावं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये तर २०१६ पासून साध्या डिपॉझिटवर हे सुरू झालं. तुमची जागा बघून अ‍ॅपची गरजच नाही असं वाटलं तर आम्ही तसंच सांगू.

पहिल्या भेटीला येताना तीन गोष्टी आणा: तुमच्याकडे सध्या जाणारा कप, गर्दीच्या वेळी काढलेला काउंटरचा फोटो, आणि काउंटरवर रोज उभा राहणारा तुमचा माणूस. मालकांशी बोलायला आम्हाला आवडतंच, पण रांग कुठे अडते ते त्यालाच माहीत असतं.