आघातसजग बालसेवा
आघातसजग बालसेवा : हिंसा, लैंगिक अत्याचार, उपेक्षा, आप्तांचा वियोग किंवा विस्थापन सोसलेल्या मुलांशी व त्यांच्या कुटुंबांशी वागताना, त्या अनुभवांचे परिणाम मुलाच्या शरीरात, वर्तनात आणि नात्यांत उतरलेले असू शकतात, हे ध्यानात घेऊन संस्थेचे दैनंदिन कामकाज आखण्याची पद्धती. ही स्वतंत्र उपचारपद्धती नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाइतकाच बालगृहातील काळजीवाहक, रुग्णालयातील परिचारिका, शिक्षक आणि जबाब नोंदवणारा पोलीस यांच्याशी तिचा संबंध येतो.

दीर्घकाळ उपासमार सोसलेली मुले बालगृहात आल्यावर पोळीचे तुकडे किंवा बिस्किटे उशीखाली लपवून ठेवताना आढळतात. शिस्तीच्या दृष्टीने ही चोरी ठरते आणि तिला शिक्षा होते; मात्र शिक्षेने अन्न न मिळण्याची धास्ती वाढते, आणि धास्तीबरोबर लपवणेही वाढते. आघातसजग संस्थेत अशा मुलाच्या हाताशी खाऊचा डबा ठेवतात, पुढचे जेवण किती वाजता मिळेल हे त्याला आधी सांगतात आणि ती वेळ कसोशीने पाळतात. यात पाळलेली वेळ महत्त्वाची, डबा दुय्यम. तपासणीपूर्वी डॉक्टरने कोठे हात लावणार हे सांगणे, रात्रपाळीला कोण असणार ते मुलाला ठाऊक असणे, दुसऱ्या संस्थेत हलवायचे असल्यास आयत्या वेळी गाडीत न बसवता त्याची पूर्वकल्पना देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीही याच पद्धतीत मोडतात.

या विचाराची मांडणी प्रामुख्याने अमेरिकेत झाली. तेथील संसदेने (काँग्रेस) 2000 मध्ये आघातग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या केंद्रांचे राष्ट्रीय जाळे उभारले. 2001 मध्ये मॅक्सिन हॅरिस व रॉजर फॅलट यांनी सेवायंत्रणाच आघाताचे भान ठेवून रचण्याचा विचार मांडला, तर 2014 मध्ये व्यसन व मानसिक आरोग्यविषयक संघराज्यीय संस्थेने आघाताचा व्याप जाणणे, त्याची लक्षणे ओळखणे, त्यानुसार प्रतिसाद देणे आणि पुनराघात टाळणे अशी चार अंगे निश्चित केली.

संशोधनाचा पाया मात्र याहून जुना असून तो काहीशा अनपेक्षित ठिकाणी घातला गेला. सॅन डिएगो येथील कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेत डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी 1980 च्या दशकात लठ्ठपणावरील उपचारकेंद्र चालवत. वजन चांगले घटत असतानाच काही रुग्ण उपचार सोडून जात. त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. यातून फेलिटी व साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 या काळात सुमारे 17,000 प्रौढांची पाहणी केली. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधानुसार निम्म्याहून अधिक उत्तरदात्यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवाचा (अत्याचार, घरातील हिंसा किंवा व्यसन यांसारखा) किमान एक प्रकार नोंदवला होता. चार किंवा अधिक प्रकार अनुभवलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम 4 ते 12 पट आढळली.

या पाहणीच्या मर्यादा तिच्या प्रसिद्धीत झाकल्या गेल्या. उत्तरदाते बहुतांशी गोरे, आरोग्यविमा असलेले मध्यमवर्गीय होते. दारिद्र्य, वस्तीतील हिंसाचार, वांशिक भेदभाव यांना प्रश्नावलीत स्थानच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत सामुदायिक व सामूहिक हिंसेचा समावेश झाला. अनुभवलेल्या प्रकारांची संख्या म्हणजेच गुणांक; त्याचा गैरवापर ही आणखी गंभीर बाब होय. लोकसंख्येतील जोखमीचा अंदाज बांधण्यासाठी केलेली मोजणी एकेका मुलाचे भवितव्य वर्तवण्यासाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा 2020 मध्ये खुद्द अँडा यांनीच त्याविरुद्ध सावध केले.

प्रत्यक्ष उपचारांविषयीचा पुरावा तुलनेने भक्कम आहे. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनॅरिनो व एस्थर डेब्लिंजर यांनी विकसित केलेल्या आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार व वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराची) चाचणी 2004 मध्ये लैंगिक अत्याचारग्रस्त अशा 229 मुलांवर झाली. तीत मुलांची आघातोत्तर लक्षणे केवळ मुलाच्या कलाने चालणाऱ्या समुपदेशनापेक्षा अधिक घटली आणि पालकांचे नैराश्यही उतरले. कौटुंबिक हिंसा पाहिलेली लहान मुले व त्यांच्या माता यांना एकत्र बसवून दिल्या जाणाऱ्या उपचाराची 2005 ची चाचणी अलिशिया लीबरमन व पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांच्या गटाने 75 जोड्यांवर केली. आईकडे केवळ मुलाचे पालनपोषण करणारी व्यक्ती म्हणून न पाहता स्वतः आघात सोसलेली स्त्री म्हणून पाहणे, हे या उपचाराचे वैशिष्ट्य होय.

मुलाला संस्थेतून काढून कुटुंबात ठेवल्याने काय साधते, याचे उत्तर रूमानियात मिळाले. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने मागे ठेवलेल्या गर्दीच्या अनाथगृहांतील 136 बालकांपैकी निम्म्यांना बुखारेस्ट येथील प्रकल्पात चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यादृच्छिक निवडीने सांभाळ करणाऱ्या पालक (फॉस्टर) कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात त्यांचा सरासरी बुद्ध्यंक 81, तर संस्थेतील नेहमीच्या सेवेवर ठेवलेल्या गटाचा 73 भरला; कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांचा मात्र 109 होता. दुसऱ्या वाढदिवसाआधी कुटुंब मिळालेल्यांना अधिक लाभ झाला.

संपूर्ण संस्थाच बदलल्याने मुलांना किती फायदा होतो, हा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. आघातसजग शाळांविषयीच्या 2019 च्या एका पद्धतशीर आढाव्यात निकषांवर उतरणारा एकही अभ्यास सापडला नाही. कर्मचाऱ्यांचे ज्ञान व दृष्टिकोन प्रशिक्षणानंतर बदलतात, हे दाखवणे सोपे. मुलाची झोप, शाळेतील टिकाव किंवा पुन्हा घर सोडावे लागण्याचे प्रमाण बदलले, हे दाखवणे कठीण. अनेक अभ्यास पहिल्या प्रकारच्या मोजमापावरच थांबतात.

भारतात ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यातील काही तत्त्वे कायद्यात आली आहेत. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला जातो, आणि महाराष्ट्रातील बालसंगोपन योजना मुलांना कौटुंबिक वातावरणात वाढवण्यासाठी अनुदान देते. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो अधिनियमानुसार (2012) बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावयाचा असतो. साक्षीच्या वेळी आरोपी समोर येणार नाही, साक्षीदरम्यान विश्रांती मिळेल आणि बालकाला वारंवार न्यायालयात बोलावले जाणार नाही, याची तजवीज विशेष न्यायालयाने करावयाची असते. व्यवहारात मात्र पोलीस, वैद्यकीय अधिकारी, बालकल्याण समिती आणि न्यायालय या यंत्रणा वेगवेगळ्या असल्याने तीच हकिकत मुलाला अनेकांपुढे सांगावी लागते. तपास व खटल्याच्या काळात मुलाला मदत करण्यासाठी बालकल्याण समितीमार्फत साहाय्यक व्यक्ती नेमण्याची तरतूद पोक्सोच्या 2020 च्या नियमांत आहे.