नागरिकशिक्षण, शालेय (बडोदे)

राज्यव्यवस्था, संविधान, नागरिकांचे हक्क व कर्तव्ये आणि सार्वजनिक जीवनातील सहभाग यांचे शाळेत दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्रात हा विषय नागरिकशास्त्र म्हणून इतिहासाला जोडून शिकवतात. बडोद्यातील मराठी माध्यमाच्या, गुजरातचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांत तो सामाजिक विज्ञानात येतो.

विषयाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. विल्यम ली-वॉर्नर या मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ (१८९७) हे शालेय पुस्तक आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. ब्रिटिश राज्याचे लाभ मुलांच्या मनावर ठसवणे हा त्याचा उघड हेतू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही, राजनिष्ठा ओसरू लागल्याने वसाहतकाळात नागरिकशास्त्र शाळेत आले, असेच म्हटले आणि पुढे सहावी ते आठवीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत त्या जागी ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ आले.

ही उपपत्ती ब्रिटिश मुलखापुरती पटण्याजोगी आहे. संस्थानांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही. संस्थानी रयत कायद्याने ब्रिटिश प्रजाजन नव्हती, ब्रिटिश संरक्षणाखालील होती. बडोद्यात तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले. १९०६-०७ च्या सुमारास ते संस्थानभर लागू झाले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. नव्याने वाचायला शिकलेल्यांचे वाचन सुटू नये, म्हणून १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी झाली, फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जाऊ लागली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरताना बडोद्याचाच दाखला दिला होता. त्यांचे १९११ चे विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले.

हे सारे वरून आलेले, प्रजेला राज्यकारभारात निर्णायक अधिकार न देणारे होते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तरीही शिक्षण हे राज्याचे प्रत्येक मुलाप्रती असलेले देणे आहे, ही कल्पना येथे पाठ्यपुस्तकाआधी व्यवहारात उतरली. उगमाची चर्चा केवळ ली-वॉर्नरपाशी थांबवणे त्यामुळे अपुरे ठरते.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता या संविधान सभेच्या सदस्य होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्दाऐवजी सर्व मानवांचा उल्लेख यावा, हा आग्रह त्यांचा. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांतील भेदाचा विचार करणाऱ्या समितीच्याही त्या अध्यक्षा होत्या. नागरिकशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच येते, ही उणीव भरून निघायला हवी.

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) लोकशाही नागरिकत्वाची जडणघडण हे माध्यमिक शिक्षणाचे एक उद्दिष्ट मानले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये संविधानात आल्यावर हक्क आधी की कर्तव्ये, हा वाद पाठ्यपुस्तकांतही शिरला. २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातील डॉ. आंबेडकरांवरील व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला आणि सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी या पुस्तकांचे मुख्य सल्लागारपद सोडले. २०२० मध्ये महासाथीचे कारण देत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) अकरावीच्या त्या वर्षाच्या परीक्षेतून संघराज्य, धर्मनिरपेक्षता आणि खुद्द नागरिकत्व ही प्रकरणे वगळली, तेव्हा देशभर टीका झाली.